ऑपरेशनचं केळवण

एका खासगी रुग्णालयात वजन कमी करण्याच्या ऑपरेशनच्या तारखा लावणं हे माझं काम. कोविडच्या पहिल्या लाटेत ही ऑपरेशनं बंद झाली तेव्हा माझ्या यादीत एकोणीस जण होते. प्रत्येकासमोर ‘तातडीचं नाही’ असा शेरा मीच मारला होता.

चौथ्या नंबरवर गंगापूरच्या एक बाई होत्या. वय एक्केचाळीस, वजन एकशे सव्वीस किलो, शुगर, झोपेत श्वास अडकायचा. दर सोमवारी त्यांचा फोन यायचा.

“मॅडम, तुमचा करोना गेला का नाय? माझं वजन तर कुठंच जाईना.”

स्वतःच हसायच्या. हसता हसता धाप लागायची.

लाट ओसरल्यावर डॉक्टरांनी पुन्हा सुरुवात करायचं ठरवलं, पण जुन्या क्रमानं नाही. थांबणं ज्याच्या जिवावर बेतेल, तो आधी. बाई पहिल्या आल्या. नियमांचा कागद मी तयार केला. चौदा दिवस घरातच, फक्त पातळ आहार, घरी पाहुणे नाहीत, ऑपरेशनच्या दोन दिवस आधी तपासणी, सोबत एकच माणूस. रोज अकरा वाजता माझा फोन.

दहाव्या दिवशी फोनमागं बायकांचं हसणं ऐकू आलं.

“ताई, कोण आलंय?”

“कोण नाय मॅडम. टीव्ही हाय.”

टीव्हीतलं कोणी “आक्का, ये की, पान वाढलंय” म्हणत नाही, एवढं मला कळत होतं. पण तारीख रद्द करायची तर भूलतज्ज्ञ, खाट, थिएटर सगळं नव्यानं जुळवावं लागणार होतं. आणखी सहा फोन बाकी होते. ‘पाहुणे नाहीत’ या ओळीसमोर मी टिक केली.

दोन दिवसांनी तपासणी पॉझिटिव्ह आली. ऑपरेशन रद्द झालं. त्यांनी मला एकच विचारलं, “माझा नंबर जातो का मॅडम?”

“नाही. बऱ्या झालात की पहिला तुमचाच.”

चौथ्या दिवशी त्या आमच्याच रुग्णालयात कोविड वॉर्डात आल्या, ऑक्सिजनवर. खरं काय घडलं ते त्यांच्या नवऱ्यानं मला गेटवर सांगितलं. वैजापूरहून भाऊ, भावजय आणि आई आले होते. ऑपरेशननंतर पोरीला जन्मात पोटभर खाता येणार नाही, म्हणून आईनं लग्नाआधी करतात तसं केळवण केलं. पुरणपोळी, येळवणीची आमटी, वर नवं लुगडं. भावाचा घसा बसला होता. प्रवासानं, असं तो म्हणाला.

“मीच हो म्हणलो मॅडम. मेव्हण्याला दारातून माघारी कसं धाडू? ती तर नको नको म्हणत होती. तुम्ही तारीख काढून घेताल म्हणून भ्यायली.”

वॉर्डातल्या नवव्या दिवशी त्या गेल्या. घरच्यांना त्यांचं तोंड लांबूनच दाखवलं.

त्या हसण्याबद्दल मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, “फोनवरून किती कळणार?” मला कळलं होतं. तेही मी सांगितलं. पुढच्या रुग्णाची फाइल त्यांनी माझ्याकडे सरकवली.

मी प्रश्न बदलला. कोणी आलं होतं का, असं विचारणं बंद केलं. पुढचे शहरातलेच एक टेलरमास्तर होते. त्यांना विचारलं, “काल घरात जेवायला किती जण होते?”

“ग्यारा,” ते पटकन बोलून गेले. मग म्हणाले, “बहन आयी थी मॅडम, बच्चों को लेके. दुआ करायला.”

मी तारीख तीन आठवडे पुढं ढकलली.

“आठ महिने से रुका हूं मैं,” ते म्हणाले. “झूठ बोललो असतो तर परवा ऑपरेशन झालं असतं ना?”

“हो,” मी म्हणाले.

त्यांचं ऑपरेशन पुढं नीट झालं. पण वाट बघणाऱ्या रुग्णांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, आणि मास्तरांनी हे तिथं लिहिलंच असणार. कारण त्यानंतर मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्या प्रत्येकाच्या घरी काल जेवायला दोघंच होते.