टेम्प फोल्डर आणि मावशीची गाणी

बोईसरच्या एका रसायनाच्या कारखान्यात मी उभी हयात मेंटेनन्स सांभाळला. त्यामुळे घरात काही बिघडलं की ते आपणच उघडायचं, असा माझा निवृत्तीनंतरही समज आहे. मिक्सर, गिझर आणि शेजाऱ्यांची बेल यांनी तो खोटा ठरवला, तरी गेलेला नाही.

मध्यंतरी घरचा कॉम्प्युटर फार हळू चालायला लागला. बटण दाबून मी चहा टाकायचो. चहा पिऊन व्हायचा, तरी पडद्यावरचं चाक फिरतच असायचं. एका व्हिडिओत कळलं की मशीनमध्ये तात्पुरत्या फायली साठतात, त्या काढल्या की ते नव्यासारखं पळतं. मला लगेच पटलं. पाइपात गाळ साठला की आम्हीही तेच करायचो.

बायको बाजारात गेली होती. मी पडद्यावर उघडं होतं ते सगळं बंद करत सुटलो. त्यातल्या एकाने विचारलं, 'सेव्ह करायचं का?' त्याला नावही नव्हतं. बिननावाचं कशाला ठेवायचं, म्हणून मी 'नाही' दाबलं. मग टेम्प नावाचा फोल्डर शोधून त्यातलं सगळं उडवलं, पासवर्ड पुसले, शेवटी कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. सेटिंगमध्ये जाऊन दोन-चार बटणंही बंद केली. ती कशाची होती, ते मला आजही सांगता येणार नाही.

बायको परत आली आणि कॉम्प्युटरसमोर बसली.

"माझी गाणी कुठे आहेत?"

"कसली गाणी?"

माकुणसारला तिची मावशी राहते. लग्नात बायका म्हणतात ती जुनी गाणी मावशीला पाठ आहेत. बायको दुपारी तिला फोन करायची आणि ती सांगेल तसं टाइप करायची. हे मला माहीत होतं. पण तिने ते कधी सेव्हच केलं नव्हतं, हे माहीत नव्हतं. "मी मशीन बंदच करत नाही, नुसतं झोपवते," ती म्हणाली. "सेव्ह कशाला करू?"

पुण्याला मुलीला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, घाबरू नका. सेव्ह न केलेल्याची एक प्रत मशीन स्वतःच ठेवतं. टेम्प फोल्डरमध्ये बघा."

मी बायकोकडे पाठ फिरवली.

"बाबा?"

"तो आता अगदी स्वच्छ आहे," मी म्हणालो.

बायको ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "उद्या माकुणसारला जायचं. आणि या वेळी टायपिंग तुम्ही करायचं."

मावशी घरासमोरच्या ओट्यावर वाल सोलत बसली होती. भाचीने आधीच सगळं कळवलेलं दिसलं.

"जावय, तुमी म्हणं सगळं झाडून काढलं?"

"हो, मावशी."

"बरं केलं. फोनवर मना नीट म्हणताच येत नव्हतं. खरी गाणी तर मी सांगितलीच नाय."

आणि मांडीवरचं वालाचं सूप बाजूला सारून तिने सुरुवात केली. वरपक्षाची टिंगल करणारी ती गाणी ऐकून बायको आधी लाजली, मग पोट धरून हसायला लागली. मी फोन समोर धरून भक्तिभावाने बसलो होतो. पहिलं गाणं संपल्यावर लक्षात आलं की रेकॉर्डिंगचं बटण मी दाबलंच नव्हतं. मी ते सांगून टाकलं. मावशीने माझ्याकडे पाहिलं, मग भाचीकडे.

"कारखाना चालत होता ना यांचा?" तिने विचारलं.

गाणं तिने पुन्हा म्हटलं, पण त्यातल्या ओळी वेगळ्याच आल्या. मी तसं म्हणालो, तर ती म्हणाली, "गाणं हाय ते. शाळंतली कविता नाय."

आता रोज दुपारी फोनवरचं रेकॉर्डिंग लावून मी दोन बोटांनी टाइप करतो. बायको शेजारी बसून शुद्धलेखन सांगते आणि प्रत्येक ओळीनंतर सेव्हचं बटण स्वतः दाबते. काल आलेल्या गाण्यात नवरदेवाला साधा नारळ सोलता येत नाही, कोयता दिला तर मूठ कुठली तेही कळत नाही. ते लिहीत असताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही, ही तिची मेहरबानी.