कानबाईचा दाब

नंदुरबारच्या एका कापसाच्या जीनमध्ये मी फिटर होतो, तेव्हाची गोष्ट. साठ साल अजून उजाडायचं होतं. रुई दाबून गाठी बांधायची मोठी प्रेस आमच्याकडे होती आणि गाठींच्या गोदामावर कोरीट गावचे एक वयस्क राखणदार होते. सगळे त्यांना आबा म्हणायचे. एका हंगामात मालकांनी मुंबईहून गाठी मोजायचा डबा आणला. बाहेरची कांडी एकदा दाबली गेली की आतली चाकं एका आकड्याने सरकायची, एवढीच त्याची अक्कल.

गाठ बाहेर पडते त्या दारावर तो बसवावा, असं माझं म्हणणं होतं. पण मॅनेजरसाहेबांना खुर्चीतून न उठता आकडा दिसायला हवा, म्हणून डबा दाबाच्या तुळईवर गेला. साहेबापुढे शहाणपण चालत नाही. सुरुवातीला प्रेसच्या हादऱ्याने कांडी दोनदा हलायची आणि एका दाबाला दोन आकडे पडायचे. मी स्प्रिंग ताठ केली, कांडी मागेपुढे सरकवली, दिवसभर कान लावून बसलो. अखेर एका दाबाला एकच टक. साहेबांनी पाठ थोपटली, मीही फुगलो.

थोड्याच दिवसांत डबा जास्त गाठी सांगू लागला आणि गोदामात कमी भरू लागल्या. डबा तर नुकताच पारखलेला, मग चोर कोण? किल्ली आबांकडे होती. साहेबांची माणसं कोरीटला गेली आणि साऱ्या गावादेखत त्यांनी आबांच्या गोधड्या, मडकी, कणग्या अंगणात उलट्या केल्या. चार जणांना न उचलवणारी गाठ म्हणे मडक्यात शोधायची! आबांना कामावरून काढलं. मला फार वाईट वाटलं.

एका सकाळी बंद पडलेलं इंजिन आम्ही पुन्हा सुरू केलं. आमच्याकडे रीत अशी, की इंजिन थांबून चालू झालं की पहिला दाब प्रेसच्या रिकाम्या पेटीवर, कानबाई देवीच्या नावाने द्यायचा. मग रुई भरायची. सगळ्यांनी हात जोडले, मीही डोळे मिटले. तेवढ्यात डोक्यावर टक वाजलं.

"कानबाईना दाब बी मोजस का हाऊ डबा?" मी प्रेसच्या मुकादमाला विचारलं.

"देवीनं काम ते. त्याले कोन मोजस?" तो म्हणाला.

त्या बिचाऱ्याच्या मनात तो दाब कामात धरलाच जात नव्हता, मग तो सांगणार तरी काय? आणि इंजिन तर त्या हंगामात ऊठसूट बंद पडत होतं. मी डबा काढून दारावर बसवला. आकडा आणि गोदाम जुळलं. साहेब एवढंच म्हणाले, "जा, बोलावून आण त्याला."

मी सायकलने कोरीटला गेलो. आबा ओट्यावर दोर वळत बसले होते. त्यांनी पाणी दिलं, माझं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता त्यांच्या जिवाला बरं वाटेल.

"तुम्हीन त्या डबाले ईचारं," ते म्हणाले. "त्यानी खोटं सांगं, तरी त्याले दुसरी जागा दिन्ही. माले कोनी काही ईचारं का, भाऊ?"

मी सायकल काढली. परत येऊन मी साहेबांना सांगितलं, आबा येत नाहीत. का येत नाहीत, ते साहेबांनी विचारलं नाही.