गुडवेगच्या दारावरचे आकडे

गुडवेग हाउग्सलेट्टा हिच्या तबेल्याच्या दारावर, आतल्या बाजूने, पेन्सिलीने लिहिलेली तापमाने आहेत. १९८४पासून हिवाळ्यातल्या प्रत्येक सकाळची. त्यांची नक्कल उतरवून घ्यायला मी या जानेवारीत रोज तिच्या शेतावर चढत होतो. नॉर्वेच्या आमच्या खोऱ्यात इतकी सलग नोंद दुसरी नाही. ती विश्वसनीय आहे की नाही, हे मात्र तपासायचे होते.

गुडवेग एकाहत्तर वर्षांची. तीस वर्षे शाळेची बस चालवली आणि एकदाही रद्द केली नाही, असे ती सांगते. शाळेच्या कागदपत्रांत दोन दिवस सापडतात. तिच्या मते त्या दिवशी रस्ता रद्द झाला होता, बस नव्हे. आता घरात ती एकटी आणि तबेल्यात ब्रोना, बावीस वर्षांची तपकिरी घोडी.

सोमवारी गोठलेल्या जमिनीवर पाऊस पडला आणि मंगळवारी सकाळी सारे अंगण काचेसारखे झाले. गुरुवारपर्यंत ब्रोना तबेल्यातून हलली नव्हती. तिचे मागचे पाय सुजले. लीद कोरडी आणि थोडी पडू लागली. गुडवेग तिला कोमट पाणी पाजत होती, गवत भिजवून देत होती. पण या वयाच्या घोडीला चालणेच हवे असते. मुलगी ओशिल्ड हिने फोनवर ठरवून टाकले होते: शनिवारपर्यंत ब्रोना बाहेर पडली नाही, तर ती घोडे न्यायची गाडी आणून तिला खालच्या गावातल्या छपराच्या रिंगणात नेणार. वसंतापर्यंत, असे ती म्हणाली. बावीस वर्षांची घोडी वसंतात परत वर येते, यावर गुडवेगचा विश्वास नव्हता.

राख टाकून झाली होती, कोरडी वाळूही. दोन्ही उतारावरून वाऱ्याने नेली. उरला होता तिच्या वडिलांचा उपाय. उकळत्या पाण्यात कालवलेली वाळू बर्फावर फेकायची. ती किंचित रुतते आणि तिथेच गोठून बसते. परंतु त्याला उणे आठच्या खालची थंडी लागते. त्याहून उबदार हवेत पाणी आधी पसरते आणि वर नवीच काच तयार होते.

"आज किती?" मी विचारले.

"मायनस सहा. कालही सहा. हा थर्मामीटर माझा जीव घेणार."

"माझ्या मिशांवर बर्फ धरलाय, गुडवेग. सहाला नाही धरत."

"मिशा आहेत होय? मला वाटलं, कोको पिऊन तोंड पुसायचं राहिलं."

मी वही उघडली. शेजारच्या ओडवारच्या तुटक नोंदींशी तिचे आकडे मी ताडून पाहिले होते. २००६पर्यंत दोन्हींत अर्ध्या अंशाचाही फरक नाही. पुढे तिचा आकडा सतत चार-पाच अंशांनी चढा. फक्त २०१५च्या फेब्रुवारीत तीन आठवडे तो पुन्हा जुळतो.

"त्या फेब्रुवारीत काय झालं होतं?"

"ब्रोनाचा डोळा. दवाखान्यात होती. का रे?"

"आणि भिंतीतला हा झरोका कधी पाडलास?"

"ती आली तेव्हा, दोन हजार सातला. आत फार दमट व्हायचं."

थर्मामीटर बाहेरच्या भिंतीवर, झरोक्याच्या वीतभर वर टांगलेला होता. झरोक्यातून संथ वाफ येत होती. आम्ही दोघे तिच्याकडे बघत राहिलो.

"म्हणजे अठरा वर्षं," गुडवेग म्हणाली, "मी घोडीचा श्वास मोजतेय."

"बहुतेक. खात्री करून घेऊ."

थर्मामीटर मी फाटकाच्या खांबाला बांधला. पाव तासाने उणे अकरा. आणखी पाव तासाने तेच.

"आता तिसऱ्यांदा कशाला? तोवर स्ट्रॉबेऱ्या पिकतील. फावडं घे."

कपडे धुण्याच्या जुन्या हंड्यात तिने पाणी उकळले. वाळू वाफाळत पडे आणि मिनिटभरात खरखरीत होऊन बसे. प्रत्येक टप्प्यावर गुडवेग स्वतः टाच आपटून पाही आणि मगच पुढे सरके. तबेल्यापासून घोडी फिरवायच्या कुंपणापर्यंत चाळीस पावले. गुरुवारची दुपार आणि शुक्रवारची सकाळ त्यातच गेली. कुंपणाच्या आतला बर्फाचा कडक पापुद्रा आम्ही फोडला आणि वर तबेल्यातला जुना भुसा पसरला. नालांत हिवाळ्याचे खिळे होतेच.

ब्रोनाने उंबऱ्यावर थांबून वाळू हुंगली. मग चर्चला निघालेल्या म्हातारीसारखी, कुठेही घाई न करता, ती चाळीस पावले चालली. आत पोचल्यावर भुशात दोन्ही कुशींवर लोळली, उठली आणि भरघोस लीद टाकली.

"वर्षभरात इतकी सुंदर लीद पाहिली नाही," गुडवेग म्हणाली. "लिही. तारीख घाल."

मी लिहिले.

मग तिने फोन लावला. "गाडी आणू नकोस. घोडी बाहेर आहे."

"आई, तुझ्या सांगण्यावर नाही. मी येऊन पाय बघणार."

"बघ की. दुसरं काही बघू नकोस. घर आवरलेलं नाही."

शनिवारी दुपारी ओशिल्ड आली. तिने ब्रोनाचे मागचे पाय वरपासून खालपर्यंत चाचपले, एकदा नव्हे, दोनदा. सूज जवळजवळ उतरली होती. मग ती बादली घेऊन लीद उचलू लागली. घोडे न्यायची गाडी तिने आणलीच नव्हती.