मधल्या झाडावरून उतरायचं नाही

दोष अप्पांचा. अप्पा म्हणजे माझे वडील. मी चौल सोडून झांजीबारला कायमचा राहायला आलो तो त्यांच्यामुळे. ते गावभर सांगतात, पोरगं संगतीने बिघडलं. ती संगत लावली कुणी, ते सांगत नाहीत. म्हणून मी सांगतो.

इथे आपल्याकडची चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "दत्तू, तो पोफळीवरचा किस्सा होऊन जाऊ दे!" एक सांगावा तर त्याचं शेपूट धरून दुसरा येतो. आता इतके साठलेत की कागदावर उतरवल्याशिवाय डोकं रिकामं व्हायचं नाही.

*

अलिबागची इंग्रजी शाळा मी पाचवीत सोडली. मास्तर म्हणाले, "शिकला नाहीस तर तुझं होणार काय?" मी म्हटलं, "शिकून तुमचं काय झालं?" त्यानंतर शाळेत थांबण्यात अर्थ नव्हता. त्यांनाही तसंच वाटलं.

आमची पोफळीची वाडी आहे. सुपारी उतरवायला नथूनाना आणि त्याची चार माणसं यायची. ही माणसं पायांत दोरीचा फास घालून पोफळीवर चढतात, सुपारीचे घोस कापतात, मग तीच पोफळ झुलवत झुलवत शेजारची पकडतात आणि तिच्यावर जातात. जमिनीला पाय लावायचा तो थेट ओळीच्या शेवटी. मध्येच उतरला त्याची दिवसभर टिंगल.

अप्पांना पक्का संशय, हे लोक वर सुपारी चोरतात. वर चोरून वरच ठेवणार कुठे, हा प्रश्न त्यांना पडला नाही. मला म्हणाले, "नाहीतरी रिकामाच आहेस. चढ वर आणि बघ काय चालतं ते."

मालकाचा मुलगा, गळ्यात जानवं, आणि पोफळीवर हेर! नथूनानाने मला नखशिखान्त न्याहाळलं. "ये बामना," म्हणाला. "पन येक ध्यानात ठेव. मधल्या झाडावरनं उतरायचं न्हाय."

आठ दिवसांनी अप्पांनी विचारलं, "काय चोरतात?"

"काही नाही."

"मग इतका वेळ वर करतात तरी काय?"

"तुमच्या नकला."

*

हेरगिरी संपली, पण मी काही खाली आलो नाही. वर वारा असतो, समुद्र दिसतो आणि वडीलधारं माणूस एकही नसतं!

एके दिवशी श्रीवर्धनहून एक गृहस्थ मला बघायला आले. मुलीचे वडील. अप्पांनी त्यांना वाडी दाखवायला आणलं आणि मी नेमका चौथ्या पोफळीवर, लंगोटात. ओळीत अजून अकरा झाडं बाकी.

अप्पा खालून ओरडले, "खाली ये!"

"शेवटच्या झाडाला येतो."

गृहस्थांनी मान वर केली. मी त्यांच्या डोक्यावरून पाचव्या पोफळीवर गेलो. त्यांची टोपी पडली. विचारतात कसे, "हेच का चिरंजीव?"

अप्पा म्हणाले, "छे छे, हा गडी आहे."

पोटच्या पोराला! तोंडावर! मी काही बोलायच्या आत सहाव्या पोफळीवरून नथूनाना गरजला, "गडी न्हाय पावनं, ह्यांचाच हाय! नाक बगा की, नाक!"

पाहुण्यांनी नाक पाहिलं. माझं, मग अप्पांचं. चहा न घेता गेले.

*

रेवदंड्याच्या तालमीत मी मल्लखांब करायचो. तिथले वस्ताद वयाने थोर आणि बाकी सगळ्यात हलके. खाटेवर बसून शिकवायचे. खांब वाळवीने खाल्ला होता, हात लावला की भुसा गळायचा. नवा खांब पुरायला त्यांना दीड वर्षात मुहूर्त मिळाला नाही.

शेवटी नथूनानाने कोळीवाड्यातून एका मोडक्या होडीची डोलकाठी आणली. आम्ही ती तालमीच्या अंगणात पुरली. नेहमीच्या मल्लखांबाच्या तिप्पट उंच! वस्ताद खाटेवरून म्हणाले, "हे शास्त्राला धरून नाही."

"तुमी खाट धरून ऱ्हावा," नथूनाना म्हणाला. "तो काठी धरतोय."

जत्रेत मी त्या डोलकाठीवर खेळ केला. वरच्या टोकाला पोटावर आडवा झालो आणि हातपाय सोडले. गर्दीत वेलजीशेठ होते, झांजीबारचे लवंगांचे व्यापारी. माल बघायला इकडे आले होते. मी खाली आल्यावर त्यांनी माझे तळहात उलटेपालटे करून बघितले, माल बघावा तसे. म्हणाले, "अरे भाई, अहीं बधा मफत जुए छे! त्यां टिकट लईने जोशे."

इथे सगळे फुकट बघतात, तिथे तिकीट काढून बघतील! वीस वर्षांच्या आयुष्यात मोठ्या माणसाने मला सांगितलेली ही पहिली कामाची गोष्ट.

मी विचारलं, "नोकरी देता?"

"नोकरी नहीं. कागळ लखी आपुं. तारो शेठ तू." म्हणजे पत्र लिहून देतो, पण तुझा शेठ तूच.

*

घरी सांगितलं तर ओसरीवर सभाच भरली. अप्पा, काका आणि आणखी पाच पांढऱ्या शेंड्या. विषय: समुद्र ओलांडणे.

मी म्हटलं, "काका दर महिन्याला रेवदंड्याहून बोटीने मुंबईला जातात. तो काय ओढा आहे?"

काका म्हणाले, "तो समुद्र किनाऱ्याकिनाऱ्याने असतो."

"आणि आपली सुपारी गलबतात बसून कुठे कुठे जाते, तिला कोण प्रायश्चित्त देतं?"

पाचही शेंड्या अप्पांकडे वळल्या. सुपारीला हात लावायची कुणाची तयारी नव्हती. अप्पा उठले. "गेलास तर आम्हाला तू मेलास. आणि तिथून हाकलून दिलं म्हणून परत आलास, तर ह्याच ओसरीवर मिशी उतरवून प्रायश्चित्त घ्यायचं. सगळ्यांसमोर!"

झालं. तेव्हापासून माझ्यापुढे दोनच गोष्टी राहिल्या. तिथे राहायचा पक्का कागद, नाहीतर इथे मिशी.

*

निघताना आईने एरंडेल तेलाची मोठी बाटली दिली. मल्लखांबाला तेच लावतात. अप्पांनी दारात विचारलं, "हे कशाला?"

आई म्हणाली, "त्याचं पोट साफ होत नाही."

आयुष्यभर नवऱ्याशी एवढं एकच खोटं बोलली ती. तेही एरंडेलाबद्दल.

*

मुंबईला पासपोर्टच्या ऑफिसात चष्मेवाला कारकून.

"मालक कोण?"

"मीच."

"म्हणजे बेकार लिहू?"

बघा! स्वतःचा मालक म्हटलं की आपल्या लोकांना दुसरा शब्दच सुचत नाही. मी म्हटलं, "कलावंत लिहा."

"गाता?"

"नाही."

"पेटी? तबला?"

"चढतो."

त्याने टाक खाली ठेवला. "कशावर?"

"मिळेल त्यावर."

माझी नजर त्याच्या कपाटावर गेली. त्याने घाईघाईने 'कलावंत' लिहिलं.

*

झांजीबारच्या धक्क्यावर गोरा साहेब कागद बघत बसला होता. वेलजीशेठ दुभाषे म्हणून माझ्या शेजारी. साहेबाचं म्हणणं साधं होतं: नोकरी नाही, शेठ नाही, तर हा माणूस पोट कशावर भरणार? दाखवता आलं तर राहील, नाहीतर आलेल्या आगबोटीनेच परत. आगबोट चार वाजता सुटणार होती. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन.

माझा हात आपोआप मिशीवर गेला.

मग खिडकीतून अंगणात पाहिलं. पोफळी! इथेही पोफळी! सात पोफळींची एक ओळ, अगदी आमच्या वाडीसारखी.

मी सदरा-धोतर काढलं. वेलजीशेठ म्हणाले, "अरे, अरे!" तोवर मी पहिल्या पोफळीवर होतो. वर मल्लखांबावरचा दसरंग केला, पायांनी खोड पकडून उलटा लटकलो, दोन्ही हात सोडून साहेबाला नमस्कार केला. साहेब बाहेर आला. कारकून बाहेर आले. हमाल ओझी टाकून उभे राहिले. मी पोफळ झुलवली आणि दुसरीवर गेलो. खालून "हो!" असा आवाज उठला. तिसरीवर गेलो. साहेब काहीतरी ओरडला. वेलजीशेठ ओरडले, "दत्तू, साहेब कहे छे बस! ऊतर!"

मी म्हटलं, "मधल्या झाडावरून उतरायचं नाही!"

चौथी. पाचवी. साहेब खालून माझ्याबरोबर चालत होता, तोंड वर करून, सारखा हात हलवत. का हलवतोय ते मला सहाव्या पोफळीवर कळलं. अंगण सहाव्या पोफळीपाशी संपत होतं, तिथे भिंत होती. सातवी भिंतीच्या पलीकडे होती, रस्त्यावर!

पण ओळ म्हणजे ओळ.

सातवीवरून उतरलो तेव्हा साहेब भिंतीच्या आत होता, मी बाहेर. बिनकागदाचा माणूस लंगोटावर भर बाजारात, आणि चारी बाजूंनी लोक टाळ्या पिटतायत! शिपायाने दंडाला धरून फाटकातून आत आणलं. अर्धा बाजार मागून आत आला.

साहेबाने विचारलं, "मी थांब म्हणत होतो. थांबला का नाहीस?"

मी नथूनानाचा नियम सांगितला. वेलजीशेठनी त्याचं इंग्रजी केलं. साहेबाने सात पोफळींकडे पाहिलं, मग फाटकातल्या गर्दीकडे. विचारलं, "हे सगळे पैसे देऊन बघतील?"

वेलजीशेठनी वळून गर्दीला विचारलं. गर्दीने जे उत्तर दिलं त्याचं इंग्रजी करावं लागलं नाही.

चार वाजता आगबोटीचा भोंगा झाला. मी धक्क्यावर उभा होतो, हातात कायमचं परमिट, धंद्याच्या रकान्यात 'स्वतःचा मालक'. मिशी शाबूत!

*

परमिट कायमचं मिळालं, असं घरी कळवलं. अप्पांनी 'कायमचं' हा शब्द फारच मनावर घेतला.

पुढचं मला नथूनानाच्या पत्रातून कळलं. त्याला लिहिता येत नाही. शाळामास्तरांकडून लिहून घेतलं होतं, पण बोली त्याचीच. अप्पांनी माझं क्रियाकर्म केलं. मी इथे भात ओरपतोय आणि तिथे तळ्याच्या काठी माझा दहावा! भटजी, काका, पाचही शेंड्या हजर. पिंड मांडला. कावळा शिवेना.

ऊन वर आलं. कावळे समोरच्या पोफळींवर ओळीने बसलेले, पण एक खाली येईना. मेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर ती पुरी करू असं म्हणायचं असतं. काका म्हणाले, "याचा मल्लखांब राहिला असेल. तालमीला नवा खांब देऊ." कावळे ढिम्म. मग अप्पा हात जोडून म्हणाले, "वाडीतला तुझा हिस्सा तुझ्या नावाने ठेवतो." काही नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "प्रायश्चित्त नको. मिशी नको." तरी नाही.

नथूनाना मागे उभा होता. म्हणाला, "अप्पा, मी सांगतो तसं म्हना. म्हना, मधल्या झाडावरनं उतर, असं पुन्यांदा म्हननार न्हाय."

अप्पांनी मान वर करून पोफळींकडे पाहिलं. मग म्हणाले. शब्दन् शब्द.

कावळा आला.

माझं परमिट पक्कं आहे. चौलच्या घरात मी मेलेला आहे, आणि आईने माझं नाव घेणं सोडलं आहे.