सरकवायला जागा नाही

कारखान्यात कुंपणालगतच्या खड्ड्यातलं राखेचं पाणी उपसणारा पंप आम्ही उघडला होता. आतला लोखंडी पंखा राखेनं घासून पत्र्याइतका पातळ झाला होता. दर वेळी फिटर दत्तूभाऊ झिजेनं पडलेली फट बुजवायला बोल्ट पिळून तो जरा पुढे सरकवत आणि पंप पुन्हा ओढू लागे. या वेळी सरकवायला जागाच उरली नव्हती. नवा पंखा आलेला नव्हता.

कुंपणापलीकडून कांदेवाल्या शांताबाईंनी विचारलं, "भाऊ, पाणी माझ्या वावरात नाही ना शिरणार?"

"पंपाला विचारा, मावशी. माझं तो कुठं ऐकतो?"

त्या हसल्या नाहीत. झीज थांबत नसते, माणूस फक्त तिच्यामागे सरकत राहतो, असं मला वाटलं. दत्तूभाऊंनी तोच पंखा परत बसवला. खड्ड्यातलं करडं पाणी काठाशी आलं होतं. शांताबाई वाकून अजून पुरते न पोसलेले कांदे उपटू लागल्या.