गोदाबाईंचं एरंडाचं पान

मध्य प्रदेशातल्या कटंगीत आमच्या गल्लीत कुणाचं अंग दुखलं की तो आधी गोदाबाईंच्या अंगणात जातो. तिथे एरंडाचं झाड आहे. पान चुलीवर गरम करायचं, दुखऱ्या जागी ठेवायचं आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीने करकचून बांधायचं, हा त्यांचा इलाज. मी शेजारी, माझ्या खांद्यालाही त्या पानाने गुण आला आहे.

मागच्या हिवाळ्यात त्यांचे यजमान चैतराम कर्करोगाने वारले. तिरोडीच्या खाणीत काम केलेला धट्टाकट्टा माणूस. वेदनेसाठी नागपूरहून कातडीवर चिकटवायच्या पट्ट्या मिळत. त्यांतल्या काही उरल्या. गोदाबाईंनी त्या जपून ठेवल्या. चांगली वस्तू फेकायची नाही, गरजवंताला द्यायची, हा त्यांचा स्वभाव.

यंदा धान कापून त्यांचा धाकटा भाऊ तेजराम आला, तो कमरेत वाकूनच.

"बाई, तुह्या झाडाचं पान दे. त्याले फी लागत नाही."

"तुह्या जिभेले आधी बांधते मी!"

गोदाबाईंनी त्याच्या कमरेवर एक पट्टी चिकटवली, वरून गरम पान बांधलं. दुखणं पळालं. संध्याकाळी पान पुन्हा गरम केलं, सकाळी पुन्हा.

दुपारी मी त्यांची बादली परत द्यायला गेलो. तेजराम खाटेवर घोरत होता.

"थकला हाय बिचारा. झोपू द्या," गोदाबाई म्हणाल्या.

मी बादली ठेवली आणि घोरणं थांबलं. मी वाट पाहत उभा राहिलो. छाती हलेना. मी ओरडून त्याला हलवलं, तेव्हा कुठे त्याने मोठा श्वास घेतला, "हौ" म्हणाला आणि पुन्हा डोळे मिटले. त्याला कुशीवर वळवून मी अँब्युलन्सला फोन लावला.

दवाखान्यात डॉक्टर श्रद्धा यांनी त्याच्या पापण्या उचलल्या. बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या.

"अफीम लेते हैं क्या?"

"माहा भाऊ बिडीले हात लावत नाही!" गोदाबाई कडाडल्या.

डॉक्टरांनी चिंधी सोडली, पान उचललं. खाली पट्टी.

"अम्मा, ये किसने लगाया?"

"म्या."

पट्टीत अफूच्या जातीचं, पण तिच्याहून कितीतरी जहाल औषध होतं. सवय नसलेल्या माणसाला ते श्वास घ्यायचं विसरायला लावतं, आणि शेकाने तर भराभर अंगात उतरतं. डॉक्टरांनी हातमोजे घालून पट्टी काढली, जागा साध्या पाण्याने धुतली आणि प्राणवायू लावला. उतारा असलेलं इंजेक्शन उशाशी तयार ठेवलं. जोवर तो हाक मारली की जागा होतो आणि आपला आपण श्वास घेतो, तोवर ते द्यायची गरज नव्हती. मात्र कातडीखाली साठलेलं औषध पट्टी काढल्यावरही उतरत राहतं, म्हणून उद्यापर्यंत हलायचं नाही. नर्स श्वास मोजत होती. गोदाबाईंना काम दिलं: बोलत राहा, झोपू देऊ नका.

"तेजा, ऊठ! बोरं चोरताना कसा जागा राहत होतास?"

"तूच... पाठवत होती."

"हौ, मीच! श्वास घे आधी!"

दुसऱ्या दिवशी तेजरामने स्वतः चहा मागितला. धोका टळला, असं डॉक्टर म्हणाल्या. गोदाबाई मात्र हसल्या नाहीत.

"शेकानं जास्त उतरते म्हणता?"

"हाँ अम्मा."

"आमच्या घरच्याले मी रोज पान बांधत होती. पट्टीवरूनच. शेवटी शेवटी ते असेच झोपून राह्यत."

"उनको महीनों से आदत थी. बीमारी भी बड़ी थी."

"मी बीमारीचं नाही विचारलं, बाई."

तेजरामने पडल्या पडल्या बहिणीचा पदर मुठीत धरला. घरी गेल्यावर गोदाबाईंनी उरलेल्या पट्ट्या माझ्याच हातून दवाखान्यात परत पाठवल्या.

परवा शेजारची पौर्णिमा गुडघा धरून आली. गोदाबाईंनी पान तोडलं, चुलीपर्यंत नेलं आणि तिथेच थांबल्या.

"आधी गुडघा दाखव. काही चिकटवलं त नाही ना?" त्या म्हणाल्या.