सरांचा रॅम्प

आमच्या अपार्टमेंटचा चेअरमन मी कसा झालो, ते आधी सांगतो. हसनाबादला मावसभावाच्या पोरीचं लग्न होतं, मी तिकडं गेल्तो. इकडं सोसायटीची मीटिंग भरली. संध्याकाळी जालन्यात येऊन गाडी लावतोय, तर वॉचमन म्हणतो, "अभिनंदन साहेब!" जो हजर नाही त्याच्या गळ्यात धोंड, ही आमची लोकशाही. वरून कौतुकानं सांगतात, "अहो, बिनविरोध!" विरोध करायला मी तिथं असतो तर ना.

चेअरमन झाल्यावर कळलं की माणसं दोन प्रकारची नसतात, एकाच प्रकारची असतात. वरच्याच्या कुंडीचं पाणी खालच्याच्या गाडीवर पडलं की मला फोन. लिफ्टमध्ये कुणी गुटखा थुंकला, मला फोन. आणि उन्हाळा लागला की सगळे फोन एकाच गोष्टीचे, पाण्याचे. आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल ते देवाला ठाऊक. आलं तर खालच्या टाकीत जेमतेम गुडघाभर साठतं. मंग टँकर. टँकरवाल्याला जेवढ्या वेळा साहेब म्हणालो, तेवढ्या वेळा ऑफिसात मोठ्या साहेबालासुद्धा म्हणालो नसेन.

तळमजल्यावर एकच फ्लॅट आहे, त्यात सर राहतात. मूळचे वाटूरचे, घरची शेती, पण जन्म गेला गणित शिकवण्यात. रिटायर झाल्यावर त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणंही जड झालं. दाराला तीन पायऱ्या, त्यामुळं माणूस महिनोन्‌महिने घरातच पडून होता. मी चेअरमन झाल्यावर पहिलं काम केलं ते हे, की पायऱ्यांच्या बाजूनं एक सिमेंटचा रॅम्प बांधून घेतला. तेव्हापासून रोज ऊन उतरलं की सरांच्या बायको, आमच्या काकू, त्यांची व्हीलचेअर गेटपर्यंत नेत. सर तिथं बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायचे. भाजीवाल्याची थट्टा करायचे, पोरांना पाढे विचारायचे. त्यांची जीभ सुटली ती त्या गेटवर, कुठल्या दवाखान्यात नाही. हे मी शपथेवर सांगतो.

यंदा चैत्रातच आमचा जुना बोअर आटला. मोटर चालू केली की नुसती हवा. झालं, सगळे म्हणाले नवीन बोअर घ्या. मी म्हणालो, घेऊ, पण मशीन लावून जमिनीखालचं पाणी तपासणारा माणूस आणू. तर आमच्यातले एक इंजिनिअर, बांधकाम खात्यात मोठ्या जागेवर आहेत, ते म्हणतात, "मशीनवाले बी चुकतात. आमच्या सासऱ्याच्या मळ्यात पाणाड्यानं सांगितलं तिथं बराबर पाणी लागलं. माझा विश्वास न्हाई हो अशा गोष्टींवर, पण बघायला काय जातंय?" आमच्याकडं विश्वास कुणाचाच नसतो, आणि बघायला कुणाचंच काही जात नाही.

पाणाड्या आला. पांढरा सदरा, तळहातावर आडवा नारळ. पाणी असेल तिथं नारळ उभा राहतो म्हणतात. तो पुढं अनवाणी, मागं आमची अख्खी सोसायटी. कुणीतरी चपला काढल्या म्हणून सगळ्यांनी काढल्या. बँकेचे मॅनेजर, प्राध्यापक, मेडिकलवाले, सगळे तापलेल्या फरशीवर पाय उचलत चाललेले. मला हसू आवरेना. पण नारळ हळूहळू उभा राहिला तो नेमका सरांच्या रॅम्पच्या खालच्या टोकाशी, आणि माझं हसू जागच्या जागी आटलं.

"दुसरा पॉइंट बघा की," मी म्हणालो.

त्यानं एक चक्कर मारली. नारळ दुसरीकडं कुठंच उभा राहिला नाही. "साहेब, नारळ काय माझ्या बापाचं ऐकतो का?" तो म्हणाला आणि लोक हसले.

त्याच संध्याकाळी पार्किंगमध्ये मीटिंग घेतली. मी तावातावानं बोललो. म्हणालो, बोअरची गाडी उभी करायला पूर्ण रॅम्प तोडावा लागेल. दुसऱ्या बाजूला तुमच्या गाड्या लागतात, तिथली जागा कोण सोडणार? जो तो आपापल्या गाडीकडं बघू लागला. मंग प्राध्यापक म्हणाले, "पाणी लागलं की रॅम्प बांधू ना पुन्हा, जल्दी बांधू. एका माणसासाठी सगळ्यांनी तहानलेलं राह्यचं का?" माझं डोकं फिरलं. "त्या एका माणसासारखं तुम्ही एक दिवस घरात बसून दाखवा," मी ओरडलो, "तुम्ही तर लिफ्ट बंद पडली तरी मला शिव्या घालता!"

मतदान घ्या, असं ठरलं. सर आपल्या खुर्चीत मागं बसलेले. मला वाटलं, ते काही म्हणतील, निदान मान तरी हलवतील. बोअर तिथंच घ्यावा असं वाटणाऱ्यांनी हात वर करा, म्हणताच सरांनी डावा हात वर केला. सगळ्यांत आधी. त्यांच्याकडं बघून मंग बाकीचे हात पटापट वर झाले.

नंतर मी त्यांच्या घरी जाऊन भांडलोच. "सर, हे काय केलं तुम्ही? मी तुमच्यासाठी गळा फाडून राह्यलो अन्‌ तुम्ही..." सरांनी बायकोकडं बोट केलं. मोटर बंद असली की काकू खालच्या टाकीतून बादलीनं पाणी शेंदत. कंबरेला पट्टा होता. "ती... उचलते," सर एवढंच म्हणाले. मंग जरा वेळानं, "अन्‌ माझ्यामुळं... न्हाई पाणी... असं नको." चहा पिऊन वर आलो.

रॅम्प सकाळी फुटला. बोअरची गाडी दिवसभर घरघरत होती. खिडक्या-दारं लावूनसुद्धा घराघरात पांढरी भुकटी. बायकांनी नारळ, हळद-कुंकू आणून ठेवलेलं, पाणी लागलं की पूजा करायला. ओल येईल, आता येईल, असं म्हणत सगळे पाइपाच्या तोंडाकडं बघत उभे. आली नाही. दगड लागला, मंग आणखी दगड. दिवेलागणीला गाडीवाल्यानं पाइप उपसायला घेतले. पूजेचं ताट उचलून एक एक बाई वर निघून गेली. नवरे तर आधीच गेल्ते.

मला वाटलं, आता तरी रॅम्प बांधायला कुणी आडवं येणार नाही. पण इंजिनिअर म्हणाले, आणखी खोल गेलं की लागेल, पुढं बघू, तोवर जागा मोकळी ठेवा. बोअरच्या तोंडाशी बसवलेला पाइप झाकणानं बंद केला, तो तिथं जमिनीच्या वर आलेला, भोवती खडी. सरांचं काय? तर त्यावर सगळ्यांनी फार मोठ्या मनानं सांगितलं, "त्यात काय, आम्ही उचलून नेऊ! काकू, नुसता आवाज द्या."

पहिल्या संध्याकाळी चौघं आले. हसत-खिदळत खुर्ची उचलली, "सर, जरा डाएट करा!" सरही हसले. मंग एक जण कमी पडू लागला, मंग कुणी मानेत फोन धरून उचलू लागला. एकदा खुर्ची कलली. सर पडले नाहीत, पण पायजमा सरकला, आणि गेटवर सगळ्या बायका भाजी घेत उभ्या. सरांनी डाव्या हातानं तो वर ओढायचा प्रयत्न केला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर काकूंनी आवाज देणं बंद केलं. मीच खाली गेलो. "सर, चला, आज मी अन्‌ वॉचमन नेतो. हळू नेतो, बिलकुल हलू देत न्हाई." सर खिडकीशी बसलेले. बराच वेळ शब्द जुळवत राहिले, आणि या वेळी न अडखळता बोलले, "उचलून एकदाच न्यायचं असतं. आत्तापासून कशाला सवय?"

मला रडू आलं. खरं सांगतो, आलं. अन्‌ रागही आला, इतका की वर न जाता तिथूनच मी गवंड्याला फोन लावला. सेक्रेटरी म्हणाले, ठराव कुठंय? म्हणालो, ठराव न्हाई, चेअरमन मी आहे, पटत नसेल तर काढा मला. बिनविरोध काढा! दुसऱ्या दिवशी पाइपाला वळसा घालून, माझ्या गाडीची जागा खाऊन, नवा रॅम्प ओतला गेला.

पण गवंडी जाताना म्हणाला, आठवडाभर पाणी मारा, न्हाईतर ह्या उन्हात तडकून जाईल. पाणी! टँकर तीन दिवसांपासून आला नव्हता. घरात प्यायचे दोन हंडे. बायकोला विचारायचीही हिंमत होईना. सकाळी कसाबसा एक तांब्या घेऊन खाली आलो, तर रॅम्प आधीच ओला. काकू पायऱ्यांवर बसून मगानं हळूहळू पाणी सोडत होत्या.

"काकू, तुमच्याकडं पाणी कुठून आलं?"

"त्यांच्या आंघोळीचं आहे," त्या म्हणाल्या. "मी म्हणलं, घामानं भिजून राह्यले, आंघोळ तर करा. तर म्हणतात, आंघोळ करून मला जायचं कुठंय? आधी वाट होऊ दे."